सायलेन्सरमधला बार आणि कार्बोरेटरची शिंक

या अंकासाठी जुन्या मोटारींविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची तक्रार एकच आहे : गाडी मिस मारते (एखाद्या सिलिंडरचा पेट चुकतो) आणि मधूनच बार काढते. गाड्या वेगवेगळ्या असल्यामुळे उत्तरे स्वतंत्र दिली आहेत. मात्र जवळजवळ सर्वच पत्रलेखकांनी दुरुस्तीचा आरंभ कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून केलेला दिसतो, आणि पुढचा बराचसा घोटाळा त्यातूनच झालेला आहे. आवाज कुठून येतो, कोणत्या वेळी येतो आणि त्याला ठरावीक लय आहे की नाही, हे ठरल्याखेरीज स्क्रूला हात लावू नये, असे आमचे मत आहे.

प्रश्न : आमच्याकडे १९२० च्या दशकातली फोर्ड मॉडेल टी आहे. इंजिन चालू होते, परंतु एका लयीत मिस मारते. उतारावर थ्रॉटल बंद केला की सायलेन्सरमध्ये मोठा बार होतो. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला, सुई बदलली, तरी फरक नाही. आता काय तपासावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मिस एका लयीत आहे, हे आपण लिहिलेत ते फार उपयोगाचे आहे. कार्बोरेटर चारही सिलिंडरना एकच मिश्रण पुरवतो. त्यामुळे त्याचा दोष असेल तर मिस सहसा अनियमित असतो, कधी या सिलिंडरमध्ये तर कधी त्या. लय धरून येणारा मिस म्हणजे एकच सिलिंडर दर खेपेला काम चुकवतो आहे, आणि त्याचे कारण त्या सिलिंडरच्या ठिणगीत किंवा व्हॉल्व्हमध्ये शोधावे लागते. बार हा त्याचाच परिणाम आहे. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, त्यातले पेट्रोल आणि हवा न जळताच एक्झॉस्टमधून बाहेर जातात आणि सायलेन्सरच्या पोकळीत साठतात. शेजारच्या सिलिंडरचा तापलेला धूर तिथे पोहोचला की तो साठा एकदम पेटतो. उतारावर थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण थोडे आणि मागचा जळका धूर जास्त, अशी स्थिती असल्यामुळे एरवी चांगले चालणारे सिलिंडरही अधूनमधून पेट चुकवतात. म्हणून बार नेमका तेव्हा मोठा होतो.

मॉडेल टी मध्ये दोषी सिलिंडर ओळखणे बहुतेक जुन्या गाड्यांपेक्षा सोपे आहे, कारण प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी स्वतःची कॉइल आहे. इंजिन हळू चालू ठेवून लाकडी कॉइल पेटीचे झाकण काढा. प्रत्येक कॉइलच्या डोक्यावर एक पोलादी पट्टी थरथरताना दिसेल. कॉइलची थरथर बोटाने पट्टी दाबून थांबवली की त्या सिलिंडरची ठिणगी बंद होते. एकेक पट्टी दाबत जा. इंजिन पडायला लागले तर ते सिलिंडर काम करीत होते. काहीच फरक पडला नाही तर आपला चोर तोच. दोन बाहेरच्या पट्ट्या एकत्र दाबून दोन व तीन क्रमांकाच्या सिलिंडरवर इंजिन चालवायचे, मग आतल्या दोन दाबून एक व चारवर, अशीही पद्धत आहे आणि कान तयार नसेल तर तीच बरी, कारण दोन सिलिंडरवर चालताना एकाची गैरहजेरी लगेच कळते. पट्टीला बोट लावायला हरकत नाही; पेटीच्या मागच्या, प्लगकडे जाणाऱ्या टोकांना मात्र चुकूनही स्पर्श करू नये.

दोषी सिलिंडर सापडल्यावर इंजिन बंद करून त्याची कॉइल शेजारच्या कॉइलशी अदलाबदल करा. मिस कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. सरकला नाही तर त्याच रीतीने प्लगची अदलाबदल करा. तरीही मिस जागचा हलला नाही तर टायमरपासून (कोणत्या कॉइलला केव्हा वीज द्यायची ते ठरवणारा फिरता स्विच) कॉइलपर्यंतची तार, टायमर स्वतः आणि शेवटी व्हॉल्व्ह, या क्रमाने पुढे जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कॉइल, प्लग आणि तार एकदमच नव्या टाकल्या तर गाडी सुधारेलही, पण नेमके काय बिघडले होते ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या वेळी सगळा खर्च नव्याने करावा लागेल.

आमचा अंदाज कॉइलचाच आहे. या कॉइलच्या पोटात कागद आणि धातूच्या पातळ पत्र्याचे थर देऊन केलेला कंडेन्सर डांबरासारख्या पदार्थात बुडवलेला असतो, आणि शंभर वर्षांनंतर असा मूळ कंडेन्सर शाबूत असण्याची शक्यता फारच कमी. तो गेला की पट्टीच्या पॉइंटवर (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) पांढरट-निळ्या ठिणग्या उडतात, पॉइंट जळतात आणि प्लगवरची ठिणगी मात्र बारीक, पिवळी पडते. आत नवा कंडेन्सर बसवून घेता येतो. त्यानंतर पट्टीचा ताण मीटर लावून जुळवावा लागतो. प्रत्येक कॉइलने सरासरी १.३ अँपिअर प्रवाह घ्यावा, असे त्याचे माप आहे. कॉइलचा आवाज ऐकून ताण जुळवणारे कारागीर भेटतात, परंतु चारही कॉइल सारख्या गुणगुणल्या म्हणजे चारही ठिणग्या वेळेवर पडल्या असे होत नाही. आणखी एक : आपल्याकडच्या पावसाळ्यात कॉइल पेटीचे लाकूड ओल धरते आणि वीज लाकडातूनच वाट काढते. रात्री दिवे घालवून इंजिन चालवा. पेटीत निळसर रेघा धावताना दिसल्या तर कॉइलला दोष देण्यात अर्थ नाही. पेटीचे लाकूडच वाळवावे किंवा बदलावे लागेल.

बॅटरी जोडलेली असेल तर किल्ली मॅग्नेटोवरून (इंजिन फिरताना स्वतःच वीज तयार करणारे यंत्र) बॅटरीवर फिरवून पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. बॅटरीवर चारही सिलिंडर व्यवस्थित चालली आणि मॅग्नेटोवर अडखळली, तर गिअरपेटीच्या झाकणावरचे मॅग्नेटोचे टोक काढून बघा. गिअरपेटीतल्या पट्ट्यांच्या सुती अस्तराचा मळ तेलात भिजून या टोकाखाली साठतो आणि विजेची वाट अडवतो. चिंधीने पुसण्याएवढेच काम असते, पण कित्येक फ्लायव्हील मॅग्नेटो या मळापायी विनाकारण उतरवले गेले असतील.

मिस फक्त वेगात येत असेल तर टायमरकडे पाहावे. आतला रोलर ज्या कड्यावर फिरतो ते कडे झिजून खाचखळगे पडले की वेगात रोलर उड्या मारतो. टायमरला तेल लागते. कोरडा ठेवला तर तो झिजायला वेळ लागत नाही.

व्हॉल्व्हची परीक्षा इंजिन चालू करायच्या हँडलने होते. इंजिन बंद, किल्ली बंद, हँडल सावकाश फिरवा. प्रत्येक सिलिंडरला हाताला सारखाच दाब लागला पाहिजे. एकाला हात सैल गेला तर तिथला व्हॉल्व्ह नीट बसत नाही. मूळ मॉडेल टी मध्ये टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारा ढकलदांडा) जुळवण्याचा स्क्रू नाही. व्हॉल्व्हची दांडी आणि हा ढकलदांडा यांच्यातले अंतर इंचाचा चौसष्टावा ते बत्तिसावा भाग, म्हणजे साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर असावे लागते. व्हॉल्व्ह वारंवार घासून बसवले की ते खाली उतरतात, अंतर संपते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. मग जळते मिश्रण थेट पाइपात जाते.

सरतेशेवटी स्टिअरिंगखालचा ठिणगीचा दांडा. हँडल मारताना तो पूर्ण मागे असतो आणि इंजिन चालू झाल्यावर पुढे घ्यायचा असतो. आजच्या चालकाला ही सवय नसल्यामुळे तो तसाच मागे राहतो. ठिणगी उशिरा पडली की मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहते, पाणी उकळते, एक्झॉस्ट लाल होतो आणि बारही होतात. दांडा पुढे घेताना इंजिन सलगपणे प्रतिसाद देत नाही, मध्येच एकदम उचल खाते, म्हणून काही जण घाबरून तो परत मागे करतात. हा दोष नव्हे. फ्लायव्हीलवरच्या १६ चुंबकांमुळे विजेचे ठोके एका फेऱ्यात १६ वेळा येतात आणि ठिणगी त्या ठोक्यांनाच बांधलेली असल्यामुळे तिची वेळ पायरीपायरीने बदलते.

प्रश्न : आमची मॉडेल टी अनेक वर्षे उभी होती. स्थानिक मेकॅनिकने नव्या तारा टाकून दिल्या. आता हँडल मारताना आणि चालतानाही कार्बोरेटरमधून फट्-फट् आवाज येतो, एकदा तर ज्वाळा दिसली. सायलेन्सरमध्ये मात्र काही नाही. मेकॅनिक म्हणतो, पेट्रोलच खराब आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ज्वाळा मागे, कार्बोरेटरकडे, येते याचा अर्थ इनलेट व्हॉल्व्ह उघडा असताना सिलिंडरमध्ये आग आहे. असे होण्याची तीन मुख्य कारणे : ठिणगी भलत्याच वेळी पडणे, इनलेट व्हॉल्व्ह अडकणे किंवा गळणे, आणि मिश्रण इतके पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असणे की ते रेंगाळत जळत राहते आणि पुढचा इनलेट उघडेपर्यंत विझत नाही. तारा नुकत्याच बदलल्या असल्यामुळे पहिल्या कारणापासून सुरुवात करावी.

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांचा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असतो आणि मेकॅनिकचा हात त्याच क्रमाला सरावलेला असतो. मॉडेल टी चा क्रम १-२-४-३ आहे. नेहमीच्या सवयीने तारा लावल्या तर दोन आणि तीन क्रमांकांची अदलाबदल होते. ही दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात. एक दाब देत असताना दुसऱ्याचा एक्झॉस्ट संपून इनलेट उघडत असतो. ठिणगी नेमकी त्या दुसऱ्यात पडते आणि उघड्या इनलेटमधून कार्बोरेटरला शिंक येते. इंजिन दोनच सिलिंडरवर रखडत चालत असेल तर या दोन तारा आधी बदलून पाहाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे.

तारा बरोबर निघाल्या तर मेकॅनिकचे म्हणणे पूर्ण उडवून लावता येत नाही. भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता २० टक्क्यांवर गेले आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो, आणि २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर पूर्वीपेक्षा ८ ते ९ टक्के अधिक इंधन जायला हवे. जुन्या कार्बोरेटरला हे समजण्याचा काही मार्ग नाही. पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी त्याची सुई होती तिथेच राहिली तर मिश्रण पातळ होणारच. सुदैवाने मॉडेल टी मध्ये ही सुई चालकाच्या जागेवरून फिरवता येते. इंजिन गरम झाल्यावर ती थोडी-थोडी उघडत जा आणि शिंक थांबली की तिथे ठेवा.

याहून गंभीर गोष्ट फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याची, आहे. त्या काळातले पुष्कळ फ्लोट बुचाच्या लाकडाचे असून त्यावर चपड्याचे रोगण असे. चपडा पेट्रोलमध्ये विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. आपले सुतार पॉलिशसाठी तो स्पिरिटमध्येच विरघळवतात. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये हे रोगण सुटते, त्याचा चिकट राब जेटमध्ये बसतो, बूच पेट्रोल पिऊन जड होते आणि कार्बोरेटर वाहू लागतो. आधी शिंका आणि नंतर गळती, असा क्रम दिसला तर फ्लोट काढून पाहावा आणि पितळी किंवा इथेनॉल सोसणारा नवा बसवावा.

इनलेट मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा शिरत असेल तरीही मिश्रण पातळ होते. चालत्या इंजिनाच्या सांध्यांवर तेलाच्या बुधलीने थोडे जाड तेल सोडा. इंजिनाची चाल बदलली तर गळती तिथे आहे. या परीक्षेसाठी काही जण पेट्रोल शिंपडतात. आपल्या कार्बोरेटरमधून ज्वाळा येते आहे, हे लक्षात घेता तसे करणे म्हणजे गाडी जाळण्याची तयारी होय. ज्वाळा पुन्हा दिसली तर पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि इंजिन चालू असल्यास थ्रॉटल उघडावा, म्हणजे आग आत ओढली जाते. अग्निशामक डबा मात्र हाताशी हवाच.

प्रश्न : मॅग्नेटोवर चालणारी छोटी इंग्रजी गाडी आहे. थंड असताना उत्तम चालते. अर्ध्या तासाने मिस मारत बंद पडते आणि निवल्यावर परत चालू होते. पावसाळ्यात तर थंडही चालू होत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी असण्याचा संभव अधिक आहे.

गरम झाल्यावर बंद पडणे हे पेट्रोलमुळे की विजेमुळे, ते आधी ठरवा. बंद पडताना इंजिन धापा टाकत, शिंकत, हळूहळू मेले तर पेट्रोल कमी पडते आहे. टाकीचे झाकण उघडून पाहा. त्यातले हवेचे बारीक छिद्र बुजले असेल तर टाकीत निर्वात होतो, पेट्रोल खाली येत नाही, आणि थोडा वेळ थांबले की हवा कुठूनतरी शिरून गाडी परत चालते. लोकांना वाटते, निवल्यामुळे चालली. ठिणगीचा दोष असेल तर इंजिन शिंकत नाही. ठोके गळू लागतात, सायलेन्सरमध्ये बार होतात आणि मग एकदम बंद.

तसे असेल तर बंद पडल्या क्षणी प्लग काढून, तो इंजिनाच्या धातूला टेकवून हँडल फिरवावे आणि ठिणगी पाहावी. प्लगची भोके उघडी असतात आणि त्यांतून मिश्रण बाहेर येते, म्हणून ठिणगी त्यांच्यापासून दूर ठेवावी. ठिणगी नसेल किंवा लुळी असेल तर मॅग्नेटोच्या आर्मेचरमधला (तारेची वेटोळी असलेल्या फिरत्या भागातला) कंडेन्सर, नाहीतर वेटोळ्यांचे चपड्याचे आवरण गेले आहे. जुने चपड्याचे आवरण तापल्यावर मऊ होते आणि वीज आतल्या आतच पळते. यावर गॅरेजमध्ये इलाज नाही. आर्मेचर नव्याने गुंडाळून घ्यावे लागते. प्लगची तार काढून हवेत मोकळी लटकत ठेवून मॅग्नेटो फिरवू नये, कारण ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती आतले आवरण फोडते.

पावसाळ्यातल्या दुखण्याचे कारण बहुधा अगदी किरकोळ निघेल. कॉन्टॅक्ट ब्रेकरचा (पॉइंट उघडमीट करणाऱ्या भागाचा) हलता दांडा फायबरच्या बुशवर फिरतो. हे फायबर दमट हवेत फुगते, दांडा अडकतो, पॉइंट उघडले की उघडेच राहतात. दांडा बोटाने दाबून सोडा. तो चट्कन परत आला पाहिजे. न आल्यास बुशचे भोक बारीक रीमरने किंचित मोठे करावे, तिथे तेल घालू नये. पॉइंटमधले अंतर सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर आणि प्लगचे ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवावे. आजच्या गाड्यांच्या हिशेबाने प्लग ०.८ वर ठेवला तर हँडलच्या संथ फिरण्यात मॅग्नेटोला तेवढी उडी झेपत नाही.

प्रश्न : अगदी पहिल्या मोटारींमध्ये हे दोष कसे ओळखत असत?
— एक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : जर्मन अभियंता डाइमलर यांच्या सुरुवातीच्या इंजिनांत ठिणगी नव्हतीच. प्लॅटिनमची नळी बर्नरने लालभडक तापवलेली असे आणि दाबलेले मिश्रण तिच्यात शिरून पेटे. पेटण्याची वेळ चालकाच्या हाती नव्हती; वाऱ्याने बर्नर विझला की इंजिन बंद, आणि नळी कमी तापली की मिस. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत मात्र बॅटरी आणि थरथरणारी कॉइल होती. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था मानहाइमहून फोर्झहाइमला याच गाडीची सुधारलेली आवृत्ती घेऊन गेली, तेव्हा वाटेत तुंबलेली इंधननळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि उघड्या पडलेल्या विजेच्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला, असे सांगतात. इंधन आणि ठिणगी, दोन्ही बाजूंचे दोष एकाच प्रवासात.

त्या काळच्या अनेक इंजिनांत इनलेट व्हॉल्व्ह कॅमने उघडत नसे, तर पिस्टनच्या ओढीने उघडून स्प्रिंगने मिटत असे. स्प्रिंग मऊ पडली की व्हॉल्व्ह उशिरा मिटून कार्बोरेटरमध्ये आग येई. कडक झाली की इंजिनाचा श्वास कोंडे. लंडन ते ब्राइटन या जुन्या मोटारींच्या दरवर्षीच्या फेरीत १९०५ पूर्वीच्याच गाड्या घेतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना हा व्हॉल्व्ह असतो. पुढे बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये विजेचा उच्च दाब देणारा मॅग्नेटो तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवरची पद्धत विजेच्या स्टार्टरसह आली. नळी त्याआधीच मागे पडली होती.

प्रश्न : मिरवणुकीत जुन्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करून परत चालू केली की मोठा बार निघतो आणि लोक खूश होतात. याने गाडीला अपाय होतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होतो. किल्ली बंद असेपर्यंत चारही सिलिंडरचे मिश्रण सायलेन्सरमध्ये भरते आणि पहिल्याच ठिणगीबरोबर सगळे पेटते. जुन्या सायलेन्सरचा पत्रा सांध्यावर उकलतो, कधी टोकाचे झाकण उडते. गर्दीत मागे उभे राहणाऱ्यांमध्ये मुले असतात. हा प्रकार बंद करावा.

प्रश्न : हँडल मारताना इंजिन उलटे बॅक मारते. हाही बारचाच प्रकार आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. तिथे ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधीच पडते आणि पिस्टन उलटा ढकलला जातो. ठिणगीचा दांडा पूर्ण मागे आहे ना, ते पाहावे. असूनही झटका येत असेल तर टायमरकडे जाणारा दुवा वाकलेला किंवा टायमिंग चुकलेले आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत हँडल मारू नये. एरवीही अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीने हँडलला विळखा घालू नये, आणि हँडल खालून वर ओढावे. वरून खाली दाबताना झटका आला तर मनगट मोडते.